एका खोटीला दोनदा बट्टा

मराठीत 'बट्टा' या शब्दाचे दोन अर्थ होतात. माणसाच्या नावाला बट्टा लागतो, आणि झिजलेल्या नाण्यावर किंवा हुंडीवर सराफ बट्टा कापतो. 'खोट' तशीच. वस्तूत खोट असते आणि धंद्यात खोट येते. म्हणजे डाग आणि तोटा आपल्या भाषेनं एकाच पिशवीत टाकले आहेत. सराफाच्या पेढीवर ते चालून जातं. सोन्यात जितकी भेसळ तितका भाव खाली, हिशेब सरळ आहे. पण हाच हिशेब जुन्या चिनी मातीच्या ताटल्या, बश्या, वाडगे यांना लावला की गडबड होते, आणि त्या गडबडीचा फायदा कुणाला होतो, हे आज आम्हाला मांडायचं आहे.

मंडळी, कपबश्यांवर व्याख्यान कसलं, असं काहींना वाटलं असेल. पण माढा, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात गेली काही वर्षं काय चाललंय ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाहता. जुना वाडा पाडायचा, स्लॅबचं घर बांधायचं. त्या आधी फडताळ रिकामं करायचं. पितळ, तांबं वजनावर जातं, त्याला भाव ठरलेला असतो. मग खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निळ्या नक्षीच्या ताटल्या निघतात. घेणारा ताटली हातात घेतो, अंगठा कडेवरून फिरवतो आणि म्हणतो, "वहिनी, हितं ठिपका हाय बगा. हितं लेप सुटलाय. भट्टीतलाच खराब माल हाय ह्यो." भाव पडतो. तीच ताटली मुंबईत गेली, तिथल्या दुकानात काचेच्या कपाटात बसली, की त्याच ठिपक्याला 'हाताने बनवल्याची खूण' म्हणतात. आम्ही दोन्ही वाक्यं आमच्या कानांनी ऐकली आहेत. दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत.

आता ही भांडी इथवर आली कशी, ते थोडक्यात. 'बशी' हा शब्दच पोर्तुगीज 'बासिया'वरून आल्याचं सांगतात, म्हणजे किनाऱ्यावर ती फार पूर्वीची पाहुणी. देशावरच्या सोवळ्या घरांत मात्र चिनी मातीला स्वयंपाकघरात जागा मिळायला वेळ लागला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्यावरून केवढं ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत कसं गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. तो काळ धरला तर चहाची कपबशी, आणि तिच्या मागोमाग जेवणाची ताटली, आपल्या घरांत शंभर-सव्वाशे वर्षांचीच. आली ती रेल्वेनं. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, 1906 साली पंढरपूरपर्यंत पोचली, आणि मोडनिंब त्याच रुळावर. मुंबईहून आलेला माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरवायचा आणि अडीच फुटी रुळाच्या छोट्या डब्यात चढवायचा. गवतात बांधलेली फुटणारी भांडी अशी दोनदा उचल-ठेव झाल्यावर टवके उडणारच. हा तपशील लक्षात ठेवा, कारण आमचा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे. भट्टीत राहिलेली खोट वेगळी आणि वाटेत उडालेला टवका वेगळा.

भांड्यात काय काय बिघडू शकतं? माती, तिच्यावरचा काचेसारखा लेप म्हणजे झिलई, आणि आग, या तिघांचं जमलं नाही की खोट राहते. मातीत लोखंडाचा कण असला की काळा किंवा तपकिरी ठिपका येतो. झिलईत बुडवण्याआधी भांड्यावर धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथे झिलई आकसते आणि माती उघडी पडते. भाजताना आतून वायू निघाला आणि वरचा लेप मिटला नाही, की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. दोन भांडी भट्टीत एकमेकांना चिकटली की सोडवताना व्रण राहतो. ताटली वाळताना एका बाजूनं लवकर वाळली किंवा आगीत मऊ होऊन बसली, की ती वाकते आणि टेबलावर डुगडुगते. या झाल्या कारखान्यातल्या खोटी.

यात सपाट ताटली सगळ्यांत अवघड, हे फार कुणाला ठाऊक नसतं. वाडगा गोल असतो, त्याची भिंत त्यालाच सावरते. सपाट मोठी ताटली आगीत मऊ झाली की तिला आधार नाही. जपानात नागोया इथे 1904 साली कारखाना उभा राहिला, पुढे जगभर नोरिताके नावानं ओळखला गेला. त्या लोकांना 25 सेंटिमीटरची पांढरी सपाट डिनर प्लेट मनासारखी जमायला जवळजवळ दहा वर्षं गेली. पहिला पूर्ण डिनर सेट निघाला 1914 साली. दहा वर्षं! तेव्हा तुमच्या आजेसासूच्या ताटलीचा तळ जरा उचललेला असला, तर तिला हसण्याआधी हे आठवावं.

दुसरा गट आहे कामाच्या खुणांचा, आणि घेणारा नेमका याच गटाला खोट म्हणून खपवतो. जुनी ताटली उलटी करा. कडेच्या खाली, एकमेकांपासून सारख्या अंतरावर तीन बारीक खरबरीत ठिपके दिसतील. झिलई लावलेलं भांडं भट्टीत थेट फळीवर ठेवलं तर चिकटून बसतं, म्हणून ते मातीच्या छोट्या तिपाईच्या टोकांवर किंवा खुंट्यांवर टेकवत. ती टोकं टेकली तिथे हे ठिपके राहिले. ही खोट नव्हे. ही भांडं कसं भाजलं याची पावती आहे. अमेरिकेत होमर लॉफलिन कंपनीनं 1936 साली 'फिएस्टा' नावाची रंगीत जेवणाची भांडी काढली, तिच्या जुन्या ताटल्यांखाली असेच तीन ठिपके असतात आणि तिकडचे संग्राहक ते आधी शोधतात. आपल्याकडे त्याच तीन ठिपक्यांवरून भाव पाडला जातो.

तशीच दुसरी खूण. निळ्या छापाच्या विलायती ताटलीच्या काठाची वेलबुट्टी नीट बोटानं फिरत बघा. कुठे तरी एका जागी पान अर्धंच संपतं आणि दुसरं अर्धं फूल सुरू होतं. ही छपाई थेट भांड्यावर होत नसे. नक्षी आधी पातळ कागदावर घेत आणि तो ओला कागद ताटलीवर चिकटवून रंग उतरवत. इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत हे काम बहुतेक बायका करत. काठाची पट्टी जिथे संपली तिथे कापून जोडली, तो हा सांधा. नक्षी जुळली नाही म्हणून भाव कमी करणारा माणूस, आम्ही स्पष्ट बोलतो, एक तर अडाणी असतो नाहीतर फार हुशार.

तिसरा गट वापरातल्या इजेचा. टवका, तडा, सोनेरी काठ झिजणं, चमच्याच्या करड्या रेघा. याला बट्टा लागणं आम्हाला मान्य आहे, आणि तो चांगला मोठा लागावा. कडेला टवका असलेली ताटली हात लावताच कळते. तडा गेलेली ताटली उद्या दोन होणार. इथे दयामाया दाखवायचं कारण नाही.

मग भट्टीतली खोट आणि नंतरची इजा ओळखायची कशी? याला यंत्र लागत नाही. आगीत वितळलेली झिलई वाहते आणि खाचेच्या कडा गोलवते. म्हणून भट्टीतल्या खोटीवरून नख गुळगुळीत घसरतं. नंतर उडालेल्या टवक्याची कड धारदार लागते, आतली माती कोरी दिसते आणि वर्षानुवर्षांचा मळ तिथे बसलेला असतो. भेगेचंही तेच. भाजण्याआधी पडलेल्या भेगेत झिलई उतरलेली असते, नंतरची भेग झिलईला कापत जाते. आणि टिचकी मारा. धड भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आपल्या आज्या बाजारातून माठ घेताना हेच करायच्या, त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. चिनी मातीला मात्र आपण साहेबी वस्तू मानून टिचकी मारायला लाजतो.

चौथा गट सगळ्यांत वादाचा, आणि आमचा राग त्यावरच जास्त आहे. झिलईवरची केसासारखी बारीक जाळी. थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि तडकते. कधी हे भट्टीतून काढल्यावर लगेच होतं, कधी पुष्कळ वर्षांनी, कारण कमी तापमानाला भाजलेली सच्छिद्र माती हळूहळू ओलावा पिऊन फुगत राहते. म्हणजे बीज कारखान्यातलं आणि पीक घरातलं. ही खोट कुणाची म्हणायची? बाजार तिला सोयीप्रमाणे कधी इकडे ढकलतो, कधी तिकडे. खरेदी करताना 'तडकलेला माल', विकताना 'जुनेपणाची जाळी'.

पण या जाळीचा एक परिणाम भावात कुठेच दिसत नाही. दगडी भांडं किंवा खरं पोर्सलिन बाराशे अंश सेल्सिअस आणि त्याहून जास्त तापमानाला भाजून घट्ट झालेलं असतं, पाणी पीत नाही. तिथली जाळी बरीचशी दिसण्यापुरती. हलक्या, सच्छिद्र मातीच्या ताटलीत मात्र त्या केसांतून तेल, आमटी, चहा आत मुरतो, तिथेच राहतो, आणि तपकिरी डाग पडतात. जुन्या हलक्या मातीच्या झिलईत शिसं वापरत. आंबट पदार्थ, म्हणजे लिंबू, चिंच, दही, लोणचं, शिसं बाहेर काढतात, आणि तडकलेल्या झिलईत त्यांना वाट जास्त मिळते. शिसं डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते तपासायला प्रयोगशाळाच लागते. म्हणजे बघा, काळ्या ठिपक्यानं कुणाचं काही बिघडत नाही आणि त्याला बट्टा. जाळीनं पोटात काही जाऊ शकतं आणि तिला 'अँटिक' म्हणून जास्तीचा भाव. फिएस्टाचीच गोष्ट घ्या. तिचा सुरुवातीचा तो नारिंगी-लाल रंग युरेनियमच्या ऑक्साइडनं येत असे. महायुद्धात सरकारला युरेनियम हवं झालं म्हणून तो रंग बंद पडला, 1959 साली परत आला आणि 1972 पर्यंत चालला. लोकांना सगळं ठाऊक आहे, तरी तो रंग संग्राहक आवडीनं घेतात. कपाटात ठेवायला घेतात, हे खरं. पण भाव ठरवताना बाजार तब्येतीचा विचार करतो, असं कुणी म्हणू नये.

यावर शहाणे लोक एक उत्तर तयार ठेवतात. म्हणतात, खोटीतच सौंदर्य असतं, पूर्वेकडचे लोक तर तडे पूजतात. हे वाक्य हल्ली इतकं स्वस्त झालंय की दुकानदारसुद्धा म्हणतो. म्हणून जरा नीट बघू. चीनमध्ये सोंग काळात 'गे' नावाच्या भांड्यांवर जाळी मुद्दाम पाडली, मोठ्या रेघा काळ्या आणि मधल्या बारीक रेघा सोनेरी दिसाव्यात अशी. तिथे जाळी ही नक्षी होती, खोट नव्हती. दुसरं उदाहरण जास्त उपयोगाचं. सतराव्या शतकात, 1621 ते 1627 या तियान्ची बादशहाच्या काळाच्या आसपास, चीनमधल्या भट्ट्यांतून निळ्या नक्षीची साधी, काहीशी राकट भांडी जपानला जाऊ लागली. त्यांच्या कडेची झिलई मातीला नीट धरत नसे, बारीक बारीक तुकडे सुटत आणि किडीनं कुरतडल्यासारखी कड दिसे. जपानी चहागुरूंनी त्या कडेला नावच दिलं, 'मुशिकुई', किडीनं खाल्लेली. आणि त्यांना ती आवडली. ही अस्सल कारखान्यातली खोट, आणि तिनं भाव चढला.

पण चढला कशामुळे? त्यांनी सगळ्याच खोटी डोक्यावर घेतल्या नाहीत. एक विशिष्ट खोट, विशिष्ट काळातली, विशिष्ट भट्ट्यांची, नीट पाहिली, तिला शब्द दिला, आणि मग किंमत दिली. आधी नाव, मग भाव. आपल्याकडे भाव आधी ठरतो आणि नाव त्याला शोभेल असं शोधलं जातं. 'खोटीतच सौंदर्य' हे वाक्य आम्हाला नको आहे. डुगडुगणारी ताटली जेवायला वाईटच. आमची मागणी एवढीच की कुठली खोट, कुणाची, आणि तिनं काय बिघडतं, हे तीन प्रश्न विचारूनच आकडा बोलावा.

स्वतः कारखानदारांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता, तोही प्रामाणिकपणे. जर्मनीतल्या माइसेनची खूण म्हणजे दोन आडव्या तलवारी. भट्टीतून निघालेलं भांडं पहिल्या दर्जाचं नसेल तर त्या तलवारींवर आडवी रेघ कोरत. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगनमध्येही खुणेवर ओरखडा काढत. म्हणजे कारखान्यानंच सांगितलं, ही आमची खोट, हिला कमी पैसे द्या. पुढे शंभर वर्षांनी घेणाऱ्यालाही ते कळतं.

आपल्याकडे दुय्यम माल आला तो असं काही न सांगता. देशात चिनी मातीचे कारखाने निघाले. बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज ही नावं जुन्या बश्यांखाली वाचायला मिळतात. सौराष्ट्रात मोरबी, वांकानेर, थानगढ या भागात गणपुले नावाच्या मराठी गृहस्थांनी परशुराम पॉटरी वर्क्स उभारली. (आयकराचे वकील हे नाव ऐकून हसतील, कारण या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुनी प्रकरणं कितीही वर्षांनी उकरता येत नाहीत, असं जे म्हटलं ते अजून कोर्टात ऐकवलं जातं.) कुठल्याही कारखान्यातला चांगला माल शहरातल्या दुकानात जातो. जरा वाकडा, ठिपकेदार, छाप हललेला माल निराळा काढतात आणि तो जत्रेत येतो. ताडपत्रीवर ढीग, 'कुठलीही उचला'. आपल्या भागातल्या घरांनी कपबश्या घेतल्या त्या बऱ्याचदा अशा ढिगातून, निवडून निवडून, आणि कमी भावात. तेव्हा त्या खोटीचा बट्टा घेताना एकदा मिळून गेला, हिशेब मिटला. आज तीच बशी विकताना त्याच खोटीवर पुन्हा बट्टा कापला जातो, असं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, स्वस्तात घेतली तर स्वस्तातच जाणार. हो, तेही ठीक. पण पुढे शहरात ती बशी विकताना बट्टा गायब होतो ना! खोट बशीत असती तर ती बशीबरोबर मुंबईला गेली असती. ती मोडनिंबातच कशी राहते?

याचं उत्तर आम्हाला मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर मिळालं असं म्हणता येईल. तिथे भाव वस्तूला कमी आणि तिच्या गोष्टीला जास्त. जे. जे. कला शाळेची कुंभारकामं बघा. 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथे सिंधमधले कारागीर आणून काम सुरू केलं. त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी उतरली. माती हलकी, झिलई नाजूक. आज अशा भांड्याखाली शाळेची खूण असली की जाळी, ठिपके, झिलई सुटणं सगळं माफ. कारण ती 'कला' ठरली. 1752 साली बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजातून 1985 साली निघालेली सुमारे दीड लाख चिनी भांडी पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला लिलावात गेली. समुद्रानं कित्येकांची झिलई मळकट केली होती, तरी उड्या पडल्या, कारण प्रत्येक बशीबरोबर जहाजाची गोष्ट मोफत. आम्ही याला फसवणूक म्हणत नाही. गोष्टीला किंमत असते. पण मग मोडनिंबच्या फडताळातल्या ताटलीलाही गोष्ट आहे. ती कोणत्या लग्नात आली, कुणी कुर्डुवाडीहून मांडीवर धरून आणली, हे तुम्ही सांगू शकता आणि सांगत नाही. विकताना गोष्ट घरातच राहते आणि ताटली एकटी जाते.

विक्रीच्या भाषेबद्दलही बोललं पाहिजे, कारण टीका करायची तर शब्दांवर करावी लागते. 'मामुली दोष', 'वयोमानानुसार', 'आहे त्या स्थितीत'. हे शब्द बघायला नम्र आहेत, पण माहिती शून्य. मामुली म्हणजे कडेला की तळाला? वयोमानानुसार म्हणजे जाळी कोरडी की डागाळलेली? डागाळलेली जाळी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून पांढरी करता येते आणि काही दिवसांनी डाग परत वर येऊ शकतात, हे कोण सांगतं? टवका भरून वरून रंग लावलेला असतो, आणि तो दातांवर हलकेच टेकवला तर काचेसारखा कडक न लागता मऊ लागतो, हे कोण सांगतं? चांगलं वर्णन असं असावं: 'कडेखाली तिपाईचे तीन ठिपके, पुढे एक लोहकण, तळ जरा उचललेला, तडा नाही, वाजवून पाहिली.' एवढं लिहिलं तर घेणाऱ्याला घासाघीस करायला जागा उरते, पण दमदाटी करायला उरत नाही.

सेटचं गणित निराळं. डिनर सेटचा अर्थच मुळी सगळं सारखं असणं. बारांतली एक ताटली वाकडी असली की ती इतर अकरांची लाज काढते. सुटी ताटली असती तर तिची तीच. त्यामुळे एकाच खोटीचा बट्टा सेटमध्ये जास्त आणि सुट्या नगात कमी लागतो, हे योग्यच आहे. घेणारे मात्र उलटं करतात. बारा एकदम घेताना एका वाकड्या ताटलीवरून सगळ्या सेटचा भाव पाडतात, आणि नंतर ती वाकडी बाजूला काढून अकरा विकतात. उपाय सोपा आहे: सदोष नग तुम्हीच आधी बाजूला काढा.

अजून एक गोष्ट, थोडी कडू. आपल्या घरांत आणि हॉटेलांत टवका उडालेला, कान तुटलेला कप फेकला जात नसे. तो बाहेर, कोनाड्यात ठेवत. कुणासाठी, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गड्यासाठी, आणि ज्यांना घरात घ्यायचं नाही त्या जातीच्या माणसासाठी. म्हणजे भांड्याची खोट आपण माणसाला लावली. आज तोच कान तुटलेला जुना कप कुणी संग्राहक कौतुकानं फळीवर ठेवतो, तेव्हा त्याच्या वर्णनात 'वापराच्या खुणा' असं लिहिलेलं असतं. कुणाचा वापर? पुण्याच्या केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू सन्मानानं मांडल्या आहेत, ही मोठी गोष्ट. पण कोनाड्यातला कप त्याच्या खऱ्या ओळखीसकट कुठे मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. तो मांडला जावा, आणि त्याखाली 'कान तुटका, म्हणून बाहेर ठेवलेला' इतकं सरळ लिहावं, असं आम्हाला वाटतं.

आता प्रश्न घेऊ. मागून ताईंनी विचारलंय: "आमच्या घरी सासूबाईंच्या सहा ताटल्या हायेत, निळ्या फुलांच्या. एक डुगडुगती, एकीला टवका हाय, एकीवर जाळी. घेणारा म्हणतोय सगळ्या एकदम द्या, नाहीतर नको. काय करू?"

ताई, आधी सगळ्या उलट्या करून तळाची खूण बघा आणि फोटो काढा, पुढून आणि मागून. टिचकी मारा, बद्द वाजणारी निराळी करा. टवक्याची आणि जाळीची बाजूला काढा. तीन धड राहिल्या, त्यांचा भाव एक. डुगडुगणारी त्यांच्याबरोबरच द्या, पण तिच्यासाठी थोडंच सोडा, आणि 'कारखान्यातलीच आहे' असं आपण होऊन सांगा. टवक्याची ताटली चौघींच्या भावात धरू नका. त्याला एकदमच हव्या असतील तर त्याला प्रत्येकीचा आकडा वेगळा बोलायला लावा, मग बेरीज करा. बेरीज त्याच्या एकरकमी आकड्यापेक्षा जास्त येते की नाही ते बघा.

"आन् जाळीवाली? तिच्यात आम्ही लोणचं वाढतो."

लोणचं नको, चटणी नको, दहीही नको. सासूबाईंची आहे तर ठेवा, विकू नका. किल्ल्या टाकायला छान आहे.